विरजणाचे पूल

अवघड गोष्ट सोपी करून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सरकारी प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि त्या काळात भेटेल त्या मुकादमाला मी सिमेंट का आणि कसं घट्ट होतं ते समजावत बसायचे. साहेब लोक मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे. ही खोड एक दिवस माझी सनद घालवेल, असं मात्र त्यांच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं. सनद म्हणजे बांधकामाच्या कागदावर ‘हे सुरक्षित आहे’ असं लिहून सही करायचा इंजिनिअरचा अधिकार. ती गेली की इंजिनिअरपण उरतं ते फक्त लग्नपत्रिकेतल्या नावापुढे.

निवृत्त झाले त्याच आठवड्यात मकरंद गुळवणीचा फोन आला. कॉलेजात सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला दुर्बिणीला डोळा मी लावायचा आणि लांब उन्हात पट्टी धरून त्याने उभं राहायचं, अशी आमची वाटणी होती. मैत्री त्यातूनच टिकली. त्याची ‘सांधा’ नावाची संस्था आहे. नोकरीतले, निवृत्त झालेले, सगळ्या तऱ्हेचे इंजिनिअर सुट्टी काढून, पदरमोड करून आडवाटेच्या वाड्यांवर जातात आणि तिथल्या लोकांच्या बरोबरीने पूल, नळ, बंधारे बांधतात.

“घरी बसून तू भाजीवाल्याला सिमेंट शिकवशील,” तो म्हणाला. “त्यापेक्षा चल.”

त्याने मला धाडलं ते म्हसोबाच्या धनगरवाड्यावर. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर गवळी धनगरांची एकोणीस घरं आणि दीडशेच्या आसपास म्हशी. खाली उतरायला एक पायवाट आणि तिला आडवा सोंडीचा ओढा. पावसाळ्याचे चार महिने तो कोणाला पलीकडे जाऊ द्यायचा नाही. सरकारदरबारी मात्र ही वाडी ‘जोडलेली’ होती. पाच वर्षांपूर्वी तसा नियमच निघाला होता: ज्या वाडीवर औषधांचा ड्रोन उतरतो ती जोडलेली समजायची आणि तिला पूल मंजूर करायचा नाही. गोळ्या उडत यायच्या. बाळंतीण उडत जात नाही, हे नियम लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

ठकूबाई झोरे यांनी मला ते पहिल्याच भेटीत सांगितलं. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या अडलेल्या सुनेला डालग्यात, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत, घालून ओढ्याच्या काठापर्यंत आणलं होतं आणि पाणी उतरायची वाट बघत दोन दिवस तिथेच थांबले होते. सून वाचली. तिचं मूल वाचलं नाही. हे सगळं त्यांनी ताकाचा तांब्या माझ्यापुढे करत, आवाज न चढवता सांगितलं आणि मग विचारलं, “इंजनेरबाई, तुमचा पूल म्हशीचं वजन पेलल न्हवं?”

डोंगरावर सिमेंट चढवायला रस्ता नव्हता, म्हणून आम्ही वर नेली ती अश्मिका. अश्मिका हा एक जंतू आहे. लघवीत असतो तो युरिया हे त्याचं खाणं. तो खाताना शेजारी पाण्यात विरघळलेला चुना असला, तर त्याचे दगडी स्फटिक आपल्या अंगाभोवती जमवत जातो. वाळूच्या दोन कणांमध्ये असा स्फटिक वाढला की ते कण एकमेकांना कायमचे धरतात. करायचं एवढंच: बांबूच्या तट्ट्यांचा कमानीच्या आकाराचा साचा बांधायचा, त्यात डोंगरातलीच रेव आणि मुरूम ठासून भरायचा आणि एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर अश्मिकेचं पाणी शिंपायचं. साचा काढला की दगडाची कमान उभी. हा दगड दाबाला पक्का आणि ताणाला कच्चा, म्हणून सपाट स्लॅब चालत नाही, कमानच लागते.

अश्मिका ज्या कंपनीने घडवली तिने तिला एक कुलूपही घातलं होतं. एक जीवनसत्त्व स्वतः तयार करायची तिची ताकद काढून घेतली होती. ते फक्त कंपनीच्या पुडीतून मिळायचं. पुडी बंद केली की सहा-सात वेळा पुढे वाढवेपर्यंत अश्मिका संपते. ‘सांधा’ला या पुड्या फुकट मिळत. अटी तीन होत्या: मंजूर जागेपुरतीच वापरायची, उरलेली ब्लीचिंग पावडर टाकून मारायची आणि दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.

कामाच्या पहिल्या सकाळी ठकूबाईंच्या अंगणात सगळी वाडी जमली. मी अश्मिकेच्या पिंपापाशी उभी राहिले. युरिया, स्फटिक, पेशी यांतलं काय सांगावं, असा विचार करत असताना समोर दुधाच्या बरण्या दिसल्या आणि मला सुचलं.

“हे तुमच्या विरजणासारखं आहे,” मी म्हणाले. “चमचाभर लावलं की पिंपभर होतं. ऊब लागते, भांडं स्वच्छ लागतं आणि वेळच्या वेळी खाणं लागतं.”

सगळ्या माना एकदम हलल्या. तीस वर्षांत माझं बोलणं इतकं पटकन कोणाला कळलं नव्हतं. मी स्वतःवरच खूश झाले. चूक झाली ती इथे. विरजण म्हणजे काय, हे ती माणसं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणत होती आणि मी पिशवीतलं दही खाणारी बाई त्यांना ते समजावत होते.

पंचवीस दिवसांत पूल झाला. शेवटच्या दिवशी मी ठकूबाईंच्या देखत पिंपात ब्लीचिंग पावडर ओतली.

“समदं मारलासा?” त्यांनी विचारलं.

“नियम आहे.”

त्या पदराने नाक झाकून आत गेल्या. वास त्यांना सहन झाला नसेल, असं मला वाटलं.

दोन पावसाळे गेले. ठकूबाईंची सून त्या पुलावरून चालत खाली गेली आणि मुलगी घेऊन चालत वर आली. म्हशी जातच होत्या. मी दुसऱ्या तालुक्यात एका बंधाऱ्याच्या मागे लागले होते. मार्च महिन्यात मकरंदचा फोन आला आणि त्याचा आवाज मला आवडला नाही.

“सारिका, म्हसोबाच्या वाड्याजवळ तू किती पूल बांधलेस?”

“एक. तुला माहीत आहे.”

“कंपनीने उपग्रहाचे फोटो पाठवलेत. आणखी पाच कमानी दिसतायत. पाचही आपल्याच मापाच्या.”

मी दुसऱ्या दिवशी वर गेले. सांगायला लाज वाटते, पण मी पाडायच्या तयारीने गेले होते. इंजिनिअरशिवाय बांधलेला पूल म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं चित्र येतं ते खाली पडलेल्या माणसांचं. राईवाडी म्हसोबाच्या वाड्यापासून तासाभराच्या चालीवर आहे. तिथल्या ओढ्यावर बारा मीटरची कमान उभी होती, तिच्यावर एक म्हातारा आरामात तंबाखू मळत बसला होता. मी त्याला उठवलं आणि तडक ठकूबाईंकडे गेले.

“राईवाडीचा पूल कोणी बांधला?”

“राईवाडीच्या लोकांनी. दुसरं कोन येनार बांधाय?”

“अश्मिका कुठून आली त्यांच्याकडे?”

“आमच्या घरनं.”

त्यांनी मला आत नेलं. चुलीमागच्या उबेत दही-ताकाच्या गाडग्यांच्या रांगेत एक काळं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तसा गोठ्याचा आणि दह्यावरच्या आंबट पाण्याचा, निवळीचा, वास आला.

“मी मारायला सांगितलं होतं, ठकूबाई. तुमच्यासमोर मारलं.”

“पिंपातलं मारलासा. म्या आदल्या दिशीच वाटीभर काढून ठिवलं हुतं. इरजण सपवून टाकल्यावर उद्याचं कशानं लावायचं?”

“आणि दुसऱ्यांना का दिलंत?”

आता चकित व्हायची पाळी त्यांची होती. “मागाय आली की मानसं. इरजण मागाय आलेल्याला न्हाई म्हनत्यात व्हय? त्येचं पैसं घेत न्हाईत आमच्यात, नि कशाला पायजे म्हून इचारत बी न्हाईत. आज तेंच्यातलं नासलं, उद्या माझ्यातलं नासंल. मग म्या कुनाच्या दारात जाऊ?” त्यांनी मडक्याचं तोंड पुन्हा बांधलं. “आनि तुमीच म्हणलासा न्हवं, इरजणावानी हाय म्हून.”

मी मडक्याला हात लावून बघितला. ते कोमट होतं.

मग माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली. पुड्या तर पहिल्याच उन्हाळ्यात संपल्या असणार. मडक्यातलं दर आठवड्याला नवं लावायचं म्हटलं, तरी दोन वर्षांत शंभर वेळा झालं. सातव्या वेळेला मरणारी अश्मिका शंभराव्या वेळी जिवंत कशी?

“तिला खायला काय घालता?”

“म्हशीचं मूत नि वाईच निवळी. चुना पान्यात लई इरघळत न्हाई. आंबट निवळीत खदखदवला की बगा, साखरंवानी जातो.”

मी नमुना घेऊन खाली आले आणि माझ्या जुन्या प्रयोगशाळेतल्या मुलींना जेवायला घालून तो तपासून घेतला. त्यातून जे निघालं ते असं. मडक्यात अश्मिका एकटी नव्हती. गोठ्यातल्या मातीचे, दुधाचे, चुलीजवळच्या धुळीचे असे कितीतरी जंतू तिच्या सोबत राहत होते. त्यांतले काही, ती स्वतः करू शकत नव्हती ते जीवनसत्त्व करत होते आणि वापरून उरलेलं बाहेर टाकत होते. शेजाऱ्यांच्या घरात शिजलेल्यावर तिचं भागत होतं. कंपनीने तिला स्वच्छ, निर्जंतुक, एकाकी पिंपात तपासलं होतं, म्हणून कुलूप पक्कं ठरलं होतं. शिवाय आंबट निवळीत विरघळलेला चुना अश्मिकेला हळूहळू मिळत होता, त्यामुळे स्फटिक सावकाश आणि दाट वाढत होते. ठकूबाईंना यातलं एक नाव माहीत नव्हतं. त्यांनी ते मडकं फक्त नीट सांभाळलं होतं.

एक भीती मला होती आणि ती खोटी नव्हती. हा जंतू ओढ्यात उतरला, विहिरींचे झरे बुजवू लागला तर? म्हणून मी ओढ्याच्या काठाने उतरत दर शंभर पावलांवर पाणी आणि गाळ घेतला. म्हशीच्या लघवीइतका युरिया मोकळ्या पाण्यात नसतो, त्यामुळे खाली अश्मिका सापडली ती झोपलेली, तीही पहिल्या दोन नमुन्यांतच. याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. नमुने घेत राहायला हवेत, असं मी वहीत लिहिलं.

मग पाचही कमानींची चाचणी. रेती भरलेल्या गोण्या एकावर एक रचून ठरलेलं वजन चढवायचं, ते चोवीस तास ठेवायचं आणि मधोमध काटा लावून कमान किती दबते ते मोजायचं. तीन आठवडे मी वाड्यावाड्यांवर राहिले. राईवाडीची कमान माझ्या स्वतःच्या कमानीपेक्षा कमी दबली. मी काटा काढून, पुसून पुन्हा लावला. तेवढाच आकडा आला. मला आधी राग आला, मग हसू आलं आणि शेवटी एवढा आनंद झाला की तिथल्या म्हाताऱ्याकडून चिमूटभर तंबाखू मागून घेतली, जी मी आयुष्यात कधी खाल्ली नव्हती.

चार कमानी पास झाल्या. पाचवी येळवणवाडीची. तिथे पाऊस तोंडावर आला म्हणून लोकांनी एकवीसऐवजी बारा दिवसच पाणी शिंपलं होतं. निम्म्या वजनाला कमानीच्या माथ्यावर बोटभर लांब चीर गेली. मी गोण्या उतरवायला लावल्या.

“ही पाडायची,” मी तिथल्या धाकू येडगेंना सांगितलं. हा पूल त्यांनीच पुढे होऊन बांधला होता. “आणि पुन्हा बांधायची. पुरे एकवीस दिवस.”

“वरसभर जातुया की आमी हिच्यावरनं,” ते म्हणाले.

“नशीब तुमचं. उद्यापासून दोऱ्या बांधून बंद करा.”

संध्याकाळी त्यांनी स्वतःच दोऱ्या बांधल्या, माझ्याकडे न बघता.

मी घरी परतले तर मकरंद दारात. सुनावणीची नोटीस घेऊन आला होता. सजीव-बांधकाम प्राधिकरण नावाचं नवं खातं निघालं होतं. मे महिन्याच्या वीस तारखेला कोल्हापुरात त्याच्यासमोर आम्हाला उभं राहायचं होतं. इंजिनिअरच्या दाखल्याशिवाय उभ्या असलेल्या कमानी पावसाळ्याआधी पाडायचा त्यांचा विचार होता.

“चार कमानींना मी दाखला देते,” मी म्हणाले. “चाचणीचे आकडे माझ्याकडे आहेत. एकदा सही झाली की दहा वर्षं हात लावता येत नाही.”

“आणि त्याच दिवशी कंपनी आपल्या पुड्या बंद करेल.” मकरंद खुर्चीच्या टोकावर बसला होता. “एकशे चाळीस कामं चालू आहेत, सारिका. कुठे पूल, कुठे टाकी. सगळी अर्धवट राहतील. त्या लोकांना मी काय तोंड दाखवू?”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला संताप आला.

“मग तुझं म्हणणं काय?”

त्याने एक कागद पुढे सरकवला. माझ्या नावाचं निवेदन, कंपनीच्या वकिलाने लिहिलेलं. ‘स्थानिक रहिवाशांनी अज्ञानाने व सूचनांचा चुकीचा अर्थ लावून सदर जंतूचा साठा केला व वाटप केले. सर्व साठा प्राधिकरणाच्या ताब्यात देण्यात येत आहे.’ खाली सहीला जागा.

“एवढी सही कर. तुझ्यावर काही येत नाही, संस्थेवर येत नाही. धनगरांनाही शिक्षा नाही, फक्त समज देऊन सोडतील.”

“आणि पूल?”

त्याने कागदाची घडी बोटाने सरळ केली.

“पूल पाडतील,” मीच म्हणाले.

“पुढच्या वर्षी रीतसर मंजुरी घेऊन आपण बांधू. पाचही.”

“मध्ये एक पावसाळा आहे, मकरंद. ठकूबाईंच्या सुनेचं पहिलं मूल एकाच पावसाळ्यात गेलं.”

त्याने हात जोडले. चाळीस वर्षांत त्याने माझ्यापुढे कधी हात जोडले नव्हते. “निवेदनाचं तू ठरव. पण सुनावणी होईपर्यंत दाखल्यांवर सही करू नकोस. एवढं माझ्यासाठी.”

ते मी मान्य केलं. मैत्री होती म्हणून, आणि त्याच्या एकशे चाळीस कामांपुढे माझे चार पूल मला मोजून दाखवता येत नव्हते म्हणून.

सुनावणीच्या दिवशी प्राधिकरणाच्या व्हरांड्यात पाच वाड्यांची माणसं भिंतीला टेकून बसली होती. आत थंडगार खोली, लांब टेबल, मधोमध अध्यक्ष, सभ्य आणि दमलेले. कंपनीचे वकील त्यांच्या डावीकडे. पहिल्यांदा ठकूबाईंना बोलावलं. त्यांना बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहिल्या.

“हा जंतू तुम्ही किती जणांना दिलात?” अध्यक्षांनी विचारलं.

“मोजलं न्हाई.”

“त्यांची नावं?”

“भांडं घिऊन आल्यावर नाव कशापायी इचारू?”

“तो धोकादायक असू शकतो, याची कल्पना होती तुम्हाला?”

“म्हस वाहून जाती, मानूस वाहून जातं, पोटातलं प्वार जातं. त्यो धोका म्हाईत हुता, सायब. त्येची बी सुनावनी झाली आस्ती तर बरं झालं आस्तं.”

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. वकील म्हणाले, “यांचं अज्ञान आम्ही समजू शकतो. म्हणूनच आमची तक्रार यांच्याविरुद्ध नाही,” आणि त्यांनी ते निवेदन माझ्यासमोर ठेवलं.

मकरंद माझ्या शेजारी होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. खरं सांगते, पेन हातात घेतलं तेव्हा सही करायचा विचार माझ्या मनात येऊन गेला. सही केली तर संध्याकाळी मी घरी जाऊन चहा पिणार होते, सनद कपाटात, संस्था शाबूत. पण त्या ‘अज्ञान’ शब्दापुढे मला जाता येईना. मी त्याच्यावर आडवी रेघ मारली.

“काय चुकलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“शब्द चुकला. अज्ञानाने नाही, साहेब. मी त्यांना सांगितलं की हे विरजणासारखं आहे, आणि ते त्यांना बरोबर कळलं. विरजण राखतात, वाढवतात, मागेल त्याला देतात. चुकीचा अर्थ त्यांनी लावला नाही. अर्धवट अर्थ मी सांगितला होता, तो त्यांनी पुरा केला. आणि कंपनीच्या माणसांना जमलं नाही ते करून दाखवलं. त्यांचा दगड आमच्या दगडापेक्षा चांगला आहे. माझे आकडे तुमच्यासमोर आहेत. ओढ्याच्या पाण्याचेही आहेत. त्यावर मला काहीही विचारा.”

“म्हणजे परवान्याबाहेरचं ज्ञान तुम्ही स्वतः त्यांना दिलंत, असं लिहून घ्यायचं?”

“लिहा. आणि पुढे लिहा, की त्याचा मला पश्चात्ताप नाही.”

वकिलांनी मान हलवली. अध्यक्ष बराच वेळ कागद उलटत राहिले. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना काही आनंद होत नव्हता: माझी सनद तीन वर्षांसाठी निलंबित, मडकी जप्त, आणि विनादाखला कमानी दहा जूनपूर्वी निष्कासित.

“निलंबन कधीपासून, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी शेजारच्या लिपिकाकडे पाहिलं. लिपिक म्हणाला, “आदेशावर आजची तारीख. कार्यालय सुटल्यापासून लागू. साडेपाच.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. अध्यक्षांनीही ते पाहिलं. त्यांना काय वाटलं मला माहीत नाही, ते फक्त म्हणाले, “पुढचं प्रकरण.”

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि पिशवीतून दाखल्यांचे कोरे फॉर्म, चाचणीची वही आणि शिक्का काढला. राईवाडीचा दाखला आधी भरला. कमानीचं माप, चढवलेलं वजन, दबलेलं अंतर, तारीख, वेळ, सनद क्रमांक, सही. मग दुसरा. वाडीवाल्यांपैकी एक एक जण पुढे येऊन फॉर्मवर साक्षीदार म्हणून अंगठा किंवा सही करत होता. मकरंद दारात उभा राहून बघत होता. चेहरा पांढराफटक.

“एकशे चाळीस कामं, सारिका,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“नुसतं माहीत आहे म्हणून भागत नाही.”

“नाही भागत. मी जाईन त्या प्रत्येक जागी आणि सांगेन की माझ्यामुळे थांबलं. शिव्या खाईन. पण हे चार पूल उभे आहेत आणि चांगले आहेत. ते वाईट आहेत असं मी गप्प राहूनही म्हणणार नाही.”

तिसरा झाला, चौथा झाला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकू येडगे समोर येऊन उकिडवे बसले. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

“बाई, आमचा बी लिवा.”

“तुमची कमान फुटली, धाकूमामा.”

“आमी बांधतो की परत. उद्यापास्नं लागतो. यकवीस दीस पुरं करतो, म्हसोबाची आन. पर कागद आज लिवून ठिवा. उद्या तुमची सई कुटनं आनू मी?”

हे खरं होतं. पुन्हा बांधलेली कमान कितीही पक्की झाली तरी तिला दाखला द्यायला मी नव्हते, आणि दुसरा कोणता इंजिनिअर एवढा डोंगर चढून कंपनीशी वैर घेणार होता? हातात कोरा फॉर्म होता. माझी सनद तर गेलीच होती; एक खोटी सही वाढली असती तर माझं आणखी काय जाणार होतं? मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

“नाही लिहिता येत,” मी म्हणाले. “फुटलेल्या कमानीवर मी सही केली तर या चार सह्यांना काय किंमत राहील? उद्या वकील पाचवी कमान दाखवून पाचही पाडतील. आणि उद्या कोणी तुमच्या कमानीवरून पडलं, तर ते माझ्या सहीवर विसंबून पडलेलं असेल.”

धाकूमामांनी गुडघ्यावरचं मुंडासं हातात घेतलं. ठकूबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ना माझी बाजू घेतली, ना धाकूमामांची. मी फॉर्म पिशवीत परत ठेवला आणि शिक्क्याचं झाकण लावलं.

मकरंद दारातून हलला. येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला, जरा अंग चोरून, कॉलेजात पेपर वाईट गेला की बसायचा तसा. त्याने माझी वही उचलून येळवणवाडीचं पान काढलं. निम्म्या वजनाला चीर, हे माझं वाक्य दोनदा वाचलं.

“बारा दिवसच शिंपलं?” त्याने धाकूमामांना विचारलं.

“पाऊस आला हुता, सायब.”

“यंदा पाऊस सात जूनला सांगितलाय. आज वीस. उद्यापासून धरलं तर चार-पाच दिवस कमी पडतात.”

“ताडपत्री घालू. छपराखाली शिंपू. मडकी न्हेली तरी इरजण कुनाच्या तरी चुलीमागं गावंलच.”

“एकवीस म्हणजे एकवीस. आणि ही फुटकी तुम्हीच पाडून टाका, म्हणजे दहा जूनला त्यांना पाडायला काही उरणार नाही.” मकरंदने खिशातून पेन काढलं. “माझी सनद आहे अजून. दुर्बीण कोणी लावायची ते बघू, पट्टी मी धरतो.”

“संस्थेचं काय?” मी विचारलं.

“उद्या सकाळी राजीनामा देतो. माझ्याशिवाय पुड्या घ्यायला ते मोकळे आहेत.” तो माझ्याकडे न बघताच बोलत होता. मग धाकूमामांकडे वळून त्याने बजावलं, “गोण्या भरून ठेवा. वजन चढवल्याशिवाय मी सही करत नाही, आधीच सांगतो.”

धाकूमामांनी मुंडासं परत डोक्याला गुंडाळलं. मकरंदने वहीचा कोपरा फाडला, त्यावर आपला फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला आणि त्यांच्या हातात दिला.